शिष्टीमकाकांना वाचून न दाखवलेला शब्द

आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात चार टेबलं होती आणि चारांवर चार कंप्युटर. तीन पडदे सुरू असत. चौथा, खुद्द विभागप्रमुखाचा, कायम बंद. त्या काळ्या पडद्यासमोर पांढऱ्या शर्टातला एक माणूस ताठ बसलेला असे. एका कानात वायर, दहाही बोटं कीबोर्डवर, नजर दाराकडे. नवखा माणूस दारातूनच मागे फिरायचा. त्याला वाटायचं, साहेब कुणावर तरी रुसून मशीन बंद करून बसलेत. जुन्या लोकांना वाटायचं, काका मॅच ऐकतात. चेअरमनसुद्धा जाता जाता विचारायचे, "काय स्कोर?" काका बोटं न थांबवता सांगायचे, "चार गेले साहेब." वर्षातल्या कुठल्याही दिवशी चारच गेलेले असत. आज मॅच कुठली, असं एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही.

कुणी फारच खोदून विचारलं, की काका मॉनिटर का लावत नाहीत, तर उत्तर तयार असे. "दुष्काळ हाय. विजेचा बी दुष्काळच की."

शिष्टीमकाका हे नाव त्यांना सभासद शेतकऱ्यांनी दिलं. वजनकाट्यावर पावती अडकली की खिडकीतला कारकून म्हणायचा, "शिष्टीम बंद हाय, थांबा." मग हे चालत यायचे, दोन मिनिटं खटखट करायचे आणि काटा चालू व्हायचा. पाच-सहा वेळा असं झाल्यावर लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, की शिष्टीम म्हणजे हाच माणूस. "शिष्टीम जेवायला गेली का काय?" असं लोक ट्रॅक्टरवरून ओरडून विचारायचे आणि काका आतून म्हणायचे, "आली, आली, हात धुती."

कारखान्यात पहिला कंप्युटर आला तेव्हा तो हाताळायला तयार होणारे ते एकटेच होते. बाकीच्यांना भीती होती की हा आपली नोकरी खाणार. काका मूळचे युसूफ वडगावचे, शिक्षण जेमतेम बी.कॉम. फ्लॉपीपासून ते मोबाईलवर येणाऱ्या पावतीपर्यंत सगळं त्यांनी या माजलगावच्या पट्ट्यात, उसाच्या धुरळ्यात बसून उभं केलं. कुणाचा ऊस कधी लागला, कुणाचा कधी तुटणार, कुणाचं वजन किती भरलं, हे सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. आणि ज्या वर्षांत हे काम वाढत गेलं, नेमक्या त्याच वर्षांत त्यांची नजर कमी होत गेली.

आधी रात्रीचं दिसेना. मग कडेचं दिसेना. "नळीतून बघितल्यागत झालतं," ते सांगायचे. "समोरचा माणूस दिसायचा, पर त्याचा पसरलेला हात न्हाई दिसायचा. लोक म्हणायचे, शिष्टीमला गर्व चढलाय." डॉक्टरांनी सांगितलं की ही नळी हळूहळू बंद होणार, औषध नाही. काकांनी घरी येऊन काकूंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावरची अक्षरं मोठी करून घेतली. पुढच्या वर्षी आणखी मोठी. मग काळ्यावर पिवळी. एका ओळीत एकच शब्द मावायला लागला, तेव्हा कुठून तरी त्यांना कळलं की पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. ते त्यांनी मिळवलं, कानात वायर घातली आणि मॉनिटर बंद केला.

पण ते सॉफ्टवेअर शिकायचं पुस्तक इंग्रजीत होतं, छापील. ते काकूंनी वाचून दाखवलं. काकू सातवी पास. इंग्रजी शब्द येत नव्हते, अक्षरं येत होती. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकेक अक्षर सांगायच्या. टी, एच, ई, मग जागा सोडलीय, मग पी. विरामचिन्हांची नावं त्यांना कुणी शिकवली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच ठेवली. टिंब. शेपटीचं टिंब. तिरपी रेघ. एकही चिन्ह त्यांनी गाळलं नाही. काका ती अक्षरं मनात जुळवायचे, शब्द करायचे, अर्थ लावायचे. ते पूर्ण पुस्तक दोघांनी असं वाचून काढलं. कुठल्या विद्यापीठात हे शिकवतात ते मला माहीत नाही.

माझी आणि त्यांची ओळख पत्रकांमुळे झाली. मी कॉलेजात असल्यापासून शेतकऱ्यांच्या एका संघटनेचं काम करते. आमचे अध्यक्ष म्हणाले, पोरगी चांगलं लिहिते, पण अक्षर कोंबडीचं आहे, हिला टायपिंग शिकवा. काका दर रविवारी कारखान्याच्या वसाहतीतल्या वाचनालयात शिकवत. त्यांची पद्धत एकच. कीबोर्डवर आपला टॉवेल टाकायचे, त्याखाली आमचे हात घालायला लावायचे आणि म्हणायचे, "हाताकडं बघू नको, पडद्याकडं बी बघू नको. काय लिहायचंय तिकडं बघ." मला तेव्हा वाटायचं, काय खुळचट पद्धत आहे. आज मी न बघता टाईप करते ते त्या टॉवेलामुळे.

मी तोंडाची फटकळ. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी त्यांच्यापुढे चहाचा कप धरला आणि त्यांचा हात कपाच्या वीतभर डावीकडून गेला. मी सरळ विचारलं, "काका, तुम्हाला दिसत नाही का?"

वर्गात बाकी कुणी नव्हतं. त्यांनी चाचपून कप हातात घेतला. मग म्हणाले, "एवढ्या वर्षात हे विचारणारी तू पयली. बाकीचे कावून विचारत न्हाईत म्हाईत हाय का? माझ्याकडं कुणी बघतच न्हाई. पावतीकडं बघत्येत."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली. काम बरोबर हाय का चूक, हे मग कुणी तपासत न्हाई. नुसते डोळे तपासत्येत." आणि मग, "कुणाला बोलू नको, बाई."

मी शब्द दिला. तो मी पाळला, असं मी आजही कोर्टात शपथेवर सांगू शकेन. खरी अडचण तिथेच आहे.

काकांचा दुसरा आग्रह युनिकोडचा. आमची पत्रकं प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये व्हायची. त्या फॉन्टची गंमत अशी, की आपण पडद्यावर 'क' बघतो, पण मशीनच्या पोटात इंग्रजी 'डी' असतो. फक्त त्याला 'क'चा मुखवटा चढवलेला. डोळे असलेला माणूस मुखवटा वाचतो. बोलणारं सॉफ्टवेअर पोट वाचतं. "तुझ्या फाईलीत 'काका' आलं ना, की माझं मशीन म्हणतंय डी के डी के," ते हसून सांगायचे. "युनिकोडमध्ये टाईप करत जा. पोटात बी मराठी, ओठावर बी मराठी. तू येवढी लोकांसाठी लिहितीस, मग मी काय लोकांत न्हाई?" मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या वेळेपासून नक्की. प्रेसवाल्याला जुना फॉन्ट सोयीचा होता. मलाही होता.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. धरणात पाणी नाही, कालवा कोरडा, विहिरींनी तळ दाखवलेला. गावातली निम्मी घरं दरवर्षीसारखी कोयते घेऊन पश्चिमेकडं गेलेली आणि इथं आमचा ऊस उभा वाळत होता. अशा वर्षी तुमचा ऊस कधी तुटतो यावर सगळं असतं. महिनाभर उशीर झाला की उसाची चिपाडं होतात. तोडणीचा प्रोग्राम लागणीच्या तारखेनुसार लागतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण आम्हाला शिवारात दिसत होतं की संचालकांच्या भावकीचे फड उशिराचे असून आधी तुटतायत. म्हणजे तारखा मागं सरकवल्या होत्या. आमचाही दोन एकर ऊस त्या रांगेत मागं पडला होता. हे मी पत्रकात लिहिलं नाही, पण इथं लिहिते.

मी काकांकडे गेले. "तारखा कुणी बदलल्या?"

"बदलल्यात," ते म्हणाले. "कुणी, कधी, कुठल्या मशीनवरून, ते सगळं आत नोंदलेलं ऱ्हातंय. ती सोय मीच करून ठिवलीय."

"मला काढून द्या."

"चोरून न्हाई देणार. आठ दिसांनी संचालकांची बैठक हाय. तुमी सभासदांचा अर्ज द्या, नोंद दाखवा म्हणावं. बैठकीत मला बोलावलं की मी उभा ऱ्हाऊन सांगतो. सगळ्यांसमोर."

"आणि त्यांनी अर्ज दाबला तर?"

"तर मी बैठकीत आपणहून जातो. नोकरीची पाच-सहा वर्सं ऱ्हायलीत, एकदा तरी बिनबोलावता जावं म्हणतो. तू फक्त आठ दीस थांब."

मी तीन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी आमच्या बांधाला लागून असलेला, आमच्यानंतर दीड महिन्यानं लागलेला फड तुटून गेला आणि माझं डोकं फिरलं. मी एका दमात पत्रक लिहिलं. मला पत्रकाचं तंत्र पाठ आहे. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्यात शत्रू, शेवटी मागणी, आणि वर असं शीर्षक की बाजारातल्या माणसाने पिशवी खाली ठेवून वाचलं पाहिजे. शीर्षक मी दिलं: 'कारखान्याचा आंधळा कारभार'. खाली लिहिलं की तोडणीचा प्रोग्राम लावणाऱ्यांना शेतकऱ्याचा वाळता ऊस दिसत नाही, त्यांच्या कंप्युटरलाच मोतीबिंदू झालाय. त्या ओळीवर मी स्वतःच खूश झाले होते. माजलगावच्या बाजारादिवशी आम्ही पत्रकं वाटली. लोकांनी हसून हसून वाचली.

ते लिहिताना काका माझ्या मनात आले नाहीत का? आजवर मी सगळ्यांना सांगितलं, नाही आले. शब्द आपला नेहमीचा आहे, आंधळा कारभार, आंधळं सरकार, सगळेच लिहितात. पण खरं सांगते, 'कंप्युटर'च्या ओळीला ते एकदा मनात डोकावले होते. मी त्यांना बाजूला सारलं. ओळ फार चांगली जमली होती.

पत्रक वाचून चेअरमन चिडतील, खुलासा करतील, असं आम्ही धरून चाललो होतो. ते चिडले नाहीत. त्यांच्या एका संचालकाने पत्रक हातात घेऊन नुसतं विचारलं म्हणे, "कंप्युटरला मोतीबिंदू? काय बे, ही पोरगी कुणाबद्दल बोलती?" आणि मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी त्या बंद मॉनिटरकडे बघितलं.

त्याच दुपारी चार-पाच जण विभागात गेले. मॉनिटर लावला. माझं पत्रक काकांच्या तोंडासमोर धरलं आणि म्हणाले, "वाचा." काकांबरोबर काम करणाऱ्या ऑपरेटर बाईंनी मला हे नंतर सांगितलं. काकांनी कानातली वायर काढली, गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मला दिसत न्हाई. धा-बारा वर्सं झाली. त्यात एक पावती चुकली असंल तर दाखवा."

पावती कुणी शोधली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर फलक लागला. संगणक विभागातील कर्मचाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे तोडणी कार्यक्रमात काही चुका झाल्या, सभासदांनी निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. आमचे आभार मानले होते. तारखा बदलणारे हात धुऊन मोकळे झाले आणि पाणी मी ओतलं. काकांना गेस्ट हाऊसच्या फोनजवळ बसवलं. त्यांच्या खुर्चीवर संचालकाचा भाचा आला आणि आठवडाभरात ती आतली नोंद पुसली गेली. आमचा ऊस शेवटी जनावरांच्या छावणीत गेला. संघटनेत सगळे म्हणाले, लढाईत असं होतं. लढाईत असं होतं हे वाक्य मी स्वतः इतरांना किती वेळा ऐकवलंय, ते मला त्या दिवशी मोजता आलं नाही.

मी त्यांना भेटायला गेले ती पंधरा दिवसांनी. एवढे दिवस काय करत होते, तर भीत होते. गेस्ट हाऊसच्या पडवीत एक टेबल, त्यावर फोन, शेजारी काका. तसेच ताठ, तसाच पांढरा शर्ट. बोटं मात्र रिकामी होती. ती टेबलाच्या कडेवर हळूहळू काहीतरी टाईप करत होती.

मी आल्या आल्या सुरू झाले. "काका, कायदा आहे. दिसत नाही म्हणून कामावरून काढता येत नाही. मी तुमच्यासाठी पत्रक काढते."

"म्हणूनच काढलं न्हाई त्येंनी. फोनजवळ बसवलंय. कायदा त्येंना बी म्हाईत हाय." मग म्हणाले, "आणि पत्रक आता नको. पयलं तर वाचून दाखव. सगळ्यांनी वाचलं, मीच ऱ्हायलोय."

पत्रक माझ्या पिशवीत होतं. मी काढलं. वर मोठ्या अक्षरात शीर्षक होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि मी वाचलं, "कारखान्याचा बेबंद कारभार."

पुढचं सगळं नीट वाचलं. मोतीबिंदूची ओळ गाळली.

काका ऐकून म्हणाले, "चांगलं लिहितीस. हेडिंग परत वाच."

"कारखान्याचा बेबंद कारभार."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला, "हां साहेब. चार माणसांचं जेवण. सांगतो," म्हणाले आणि जागच्या जागी ठेवला. मग माझ्याकडे तोंड करून, एकेक अक्षर सुटं करत, ते म्हणाले, "व्ही. के. ए. तिरपी रेघ. के. जी. के."

मी त्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं टाईप केलेलं. माझी बोटं मेंदूच्या आधी वाचतात. आ, त्यावर अनुस्वार, ध, ळ, काना.

"प्रेसवाल्यानं फाईल पाठवलीती. माझाच विद्यार्थी हाय," काका म्हणाले. "मशीन एकेक अक्षर म्हणत गेलं. मला जुळवायची सवय हाय. काकूची किरपा. बेबंद असतं तर सी एस सी ए एन आलं असतं."

मी पत्रकाची घडी घालायला लागले.

"मला आंधळा म्हणलेलं चालतं, पोरी. हाय मी. त्यानं मला काय झालं न्हाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पर वाचून दाखवणारानं शब्द बदलू नये. मी दुसरीकडनं कुठनं बघणार हाय? काकूला अर्थ कळत नव्हता, तरी तिनं एक टिंब गाळलं न्हाई. तुला तर अर्थ कळत होता."

मी माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "काका, मला घाई झाली होती." हे वाक्यसुद्धा त्यांनी जुळवून घेतलं असणार.

चार महिन्यांनी ते पुण्याला गेले. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस कितीतरी वर्षं कारखान्याच्या कामासाठी त्यांच्याशी फोनवर बोलत होता. त्याला कधी कळलंच नव्हतं की काकांना दिसत नाही. कळल्यावर त्याने विचारलं, तुम्ही हे सगळं न बघता करत होता? मग इकडेच या. आता काका तिथं नवीन सॉफ्टवेअर न बघता वापरता येतं का ते तपासतात. म्हणजे पन्नाशी उलटल्यावर नव्यानं सुरुवात.

मी त्यांना सोडायला मांजरसुंब्यापर्यंत गेले. धाब्यावर चहा घेतला. काकूंच्या पिशवीतून त्या जाडजूड पुस्तकाचा पुठ्ठा डोकावत होता. मी विचारलं, हे कशाला आता? काकू म्हणाल्या, "असू दे गं. माझं शिक्षण हाय त्ये." पुण्याची गाडी लागली. काकांनी दांडा धरला, पायरी चाचपली आणि चढता चढता म्हणाले, "पुढचं पत्रक मला वाचता येईल असं काढ. वाचून दाखवायला मी आता कुणाला सांगत न्हाई."

लोक मला म्हणतात, त्यांचं भलंच झालं की. पगार चांगला, मान चांगला, इथं काय होतं? हा हिशेब चेअरमनच्या तोंडी शोभतो. ज्या माणसाने बिनबोलावता बैठकीत जायचं ठरवलं होतं, त्याची ती एक बैठक मी घालवली आणि बदल्यात त्याला गेटवरच्या फलकावर टांगलं. पुढे त्याने स्वतःच्या बोटांवर काय मिळवलं, ते माझ्या खात्यात कुणी टाकू नये.

आता मी प्रत्येक पत्रक दोनदा टाईप करते. एकदा प्रेससाठी जुन्या फॉन्टमध्ये, एकदा युनिकोडमध्ये काकांसाठी. ते नेमाने उत्तर पाठवतात. त्यात माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढलेल्या असतात, क्वचित 'तिसरी ओळ घाईत लिहिलीस' असं असतं. गेस्ट हाऊसच्या पडवीतल्या त्या वाचनाबद्दल ना त्यांनी कधी लिहिलं, ना मी.

हे लिखाण मी युनिकोडमध्येच केलं आहे आणि कुठं छापायला देण्याआधी त्यांना पाठवणार आहे. त्यांचं मशीन ते त्याच्या भरभर, सपाट आवाजात वाचेल. ते कुठलाही शब्द बदलणार नाही, कुठं अडखळणार नाही, जीभ टाळ्याला चिकटायला त्याला जीभ नाही. म्हणून शेवटचं इथंच लिहिते. काका, मी 'बेबंद' वाचलं होतं. शब्द 'आंधळा' होता. तो मी निवडला होता, आणि निवडताना तुम्ही मला दिसला होतात.